श्रावणचं आवतण

"एक घोट एरंडेल, दुजा घोट गुळपाणी,
दुखणं गेलं वेशीपार, माझी मैना झाली राणी!"

हा आवाज सुभद्रा आत्याचा. उमरेडच्या आमच्या घरात मागाच्या खटखटीवर ताल धरून महिन्याच्या पहिल्या रविवारी तो यायचा, आणि तो आला की आम्ही सहा भावंडं सहा दिशांना पळायचो. मी धान्याच्या कोठीमागे, धाकटा मागाच्या खड्ड्यात! आत्या गाणं न थांबवता एकेकाला बाहेर ओढायची, नाक दाबायची आणि 'राणी' या शब्दावर घोट बरोबर घशाखाली उतरवायची. आजाराची वाट बघत बसायचं नाही, तो वेशीवर असतानाच त्याला परत पाठवायचं, हे शास्त्र मी असं नाक दाबून शिकले. चाळीस वर्षं झाली, पण आजही गुळाचं पाणी दिसलं की माझं पोट आधीच माफी मागतं.

म्हणून सांगते, पाळलेल्या जिवाची निगा कशी राखावी हे कुणी मला शिकवू नये!

आमचा श्रावण गावठी कुत्रा आहे. सहा वर्षांपूर्वी श्रावण महिन्यात आमच्या धरमपेठेतल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली सापडला, म्हणून श्रावण. अंगानं असा पांढरा, की नुकताच पिंजलेला कापूस चार पायांवर उभा केला आहे! त्याचं वर्षभराचं वेळापत्रक आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, हिरव्या शाईत. गोचिडांचं औषध दर महिन्याला, निळ्या शाईत. रेबीजची लस वर्षातून एकदा, लाल शाईत, खाली दोन रेघा. त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं माझ्या नवऱ्याचा वाढदिवस लिहिलेला आहे.

"माझा नंबर गोचिडांच्या मागे लागतो," जितेंद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

जंताची गोळी मी श्रावणला आत्याच्या ओवीवर देते. 'राणी' म्हटलं की गोळी आत! आजवर एकदाही बाहेर आली नाही. सहा वर्षांत एक लस चुकली नाही, एक तारीख हलली नाही. श्रावणचं लसीचं पुस्तक इतकं स्वच्छ आहे, की ते दाखवून मला एखाद्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला असता.

डाग एकच, आणि तो गेल्या वर्षीचा. तपासणीच्या दिवशी श्रावणला काट्यावर उभं केलं तर काटा चोवीस किलोवर गेला आणि तिथंच बसून राहिला.

"वहिनी," डॉक्टर प्रणाली म्हणाल्या, "हा कुत्रा कमी अन् बैठकीतला लोड जास्त दिसून राहिला! चार किलो उतरवा. काय खाऊ घालता याला?"

मी मागे वळून पाहिलं. मागे मामाजी उभे होते, आणि ते भिंतीवरच्या पोपटाच्या चित्राकडे फार मन लावून बघत होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे, बाबाराव. कन्हानकडे त्यांची शेती होती. अकरा वर्षांपूर्वी ती कोळशाच्या खाणीत गेली आणि ते आमच्याकडे राहायला आले. माणूस अबोल. आमच्याशी दिवसाला दहा-बारा शब्द. पण संध्याकाळी सहाला पट्टा हातात घेतला, की श्रावणशी बोलायला त्यांच्याकडे गावभरचे शब्द असायचे! पाऊस कुठवर आला, तूर कशी दिसते, कोणाची सून कशी निघाली, सगळं. कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत फिरून आल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर सारखंच समाधान. आणि त्या समाधानावर रोज चमचाभर तूप, पोळीला लावून. आमच्या नकळत!

मी त्याच दिवशी फर्मान काढलं. "तूप बंद! थेंबभरसुद्धा नाही! उद्यापासून वजन उतरवायचं पाकिटातलं खाणं. आणि मामाजी, पुढच्या वर्षी काटा एकवीसच्या वर गेला किंवा तुपाचा नुसता वास जरी आला, तर संध्याकाळचं फिरवणं तुमच्याकडून गेलं. मग दुर्गेश येईल."

दुर्गेश हा आमच्या भागातला पगारी फिरवणारा. एका हातात चार कुत्री आणि कानात गाणी.

मामाजी म्हणाले, "बरं."

तो 'बरं' इतका बारीक होता, की सुईच्या नेढ्यातून आरपार गेला असता.

तर यंदाची तपासणी. तारीख मी मुद्दाम पोळ्याची घेतली, कारण ऑफिसला सुट्टी. सकाळी साडेदहा. लस, वजन आणि उपाशीपोटी रक्ततपासणी. आदल्या रात्री आठनंतर श्रावणनं पाण्याशिवाय काही घ्यायचं नव्हतं. सगळं फ्रिजवर लिहिलं आणि पुरणाची डाळ-गूळ आणायला संध्याकाळी इतवारीच्या बाजारात गेले. तिथे गल्लीगल्लीत तान्ह्या पोळ्याला पोरांनी मिरवायचे लाकडी बैल रांगेनं उभे, त्यांच्यामध्ये हातगाड्या, हातगाड्यांमध्ये माणसं, आणि माणसांमध्ये मागातल्या अडकल्या धोट्यासारखी मी! घरी यायला साडेआठ वाजले.

गॅलरीतला दिवा बंद होता. श्रावण भिंतीकडे तोंड करून निजला होता आणि त्याच्यापुढे मामाजी मांडी घालून बसले होते.

"मामाजी, याला काही खाऊ नाही ना घातलं?"

"नाही."

"खरं सांगता?"

"चांद्याची आण."

चांद्या म्हणजे त्यांचा बैल. पांढरा, कपाळावर करडा चांद असलेला. मेला त्याला अकरा वर्षं झाली, पण आमच्या घरात शपथ अजून त्याचीच चालते. चांद्याचं नाव आलं की पुढे विचारायचं नाही. मी निर्धास्त झोपले.

सकाळी उठून बघते तर मामाजींनी श्रावणला लाल रेनकोट घालून, बटणं लावून, दारात तयार उभा केलेला!

"हे काहून, मामाजी? बाहेर तर लख्ख ऊन आहे!"

"आभाळ भरून राहिलं वं."

"कुठे?"

"रामटेकाकडे," मामाजी म्हणाले आणि दोन्ही हात खिशात घालून आत निघून गेले.

घरभर तुपाचा वास होता. पण पोळ्याच्या दिवशी कोणाच्या घरात तुपाचा वास नसतो? जितेंद्र पुरण शिजवायला बसला होता. दर वर्षी हे काम तो हौसेनं घेतो आणि दर वर्षी बोट भाजून घेतो. मी रेनकोटातल्या श्रावणला घेऊन ऑटोत बसले. ऑटोवाला म्हणाला, "ताई, साहेबांची वरात कुठं चालली?" मी हसले सुद्धा! इतकी मी तेव्हा सुखी होते.

दवाखान्यात आमच्या आधी एकच नंबर होता. मयुरा नावाची एक मुलगी, टोपलीत लांब केसांची मांजर घेऊन. श्रावण उकाड्यानं धापा टाकू लागला, म्हणून मी रेनकोटाची बटणं सोडली.

आणि रेनकोट बाजूला करून बघते तर काय!

श्रावण पिवळा पडला होता! मानेपासून खांद्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, झेंडूसारखा पिवळा! काल सकाळी पाहिलेला कापूस आज लग्नघरातल्या नवरदेवासारखा माझ्यापुढे बसला होता, आणि वर जीभ काढून हसत होता!

मी मोबाइल काढला. जिला नाक दाबून शास्त्र शिकवलं आहे, ती काही डॉक्टरची वाट बघत बसत नाही. अंग पिवळं म्हणजे कावीळ. लक्षणं: सुस्ती. होती! सहा वर्षांपासून होती. दिवसभर झोप. होती! कारणं: उंदीर, घाण पाणी. आणि खाली ठळक अक्षरात, माणसालाही होऊ शकते.

मयुरा टोपली उचलून दोन खुर्च्या पलीकडे सरकली. "ताई, हे उडतं काय हो?"

"उडत नाही."

"मग माझी मांजर काहून शिंकली?"

मी उत्तर द्यायला हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला. माझा तळवा पिवळा होता! दुसरा बघितला. तोही! मला लगेच उजवीकडे पोटात दुखायला लागलं. मग आठवलं, की यकृत नेमकं कोणत्या बाजूला असतं हे मला माहीत नाही, म्हणून डावीकडेही दुखायला लागलं.

मी जितेंद्रला फोन लावला.

"ऐक! घाबरू नको! श्रावणला कावीळ झाली! मलाही झाली!"

"कधी?"

"आत्ता! पुरण कुठे आहे?"

"ओट्यावर. मस्त जमलं यंदा. बोटसुद्धा भाजलं नाही!"

"श्रावण सकाळी ओट्याजवळ गेला होता का?"

"तो तर तिथंच बसला होता."

"फेकून दे! सगळं पुरण फेकून दे! हात धू! आणि मामाजींचे हात बघ, रात्री ते त्याच्याजवळ बसले होते!"

फोन चालूच राहिला. पलीकडे पातेलं उपडं झाल्याचा आवाज आला. मग चपला वाजल्या. मग जितेंद्रचा आवाज, "बाबा, हात दाखवा."

"काहून?"

"दाखवा ना बाबा!"

"मले काई नाही झालं. मी खिशात हात घालून उभा हावो त तुले काय तरास हाय?"

झटापटीचा आवाज. आणि मग माझा शांत, समंजस, बँकेत अठरा वर्षं नोकरी केलेला नवरा किंचाळला, "कामिनी! बाबांचे तर मनगटापर्यंत पिवळे आहेत!!"

पुढचं मला नंतर कळलं. जितेंद्रनं बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमच्याकडे कावीळ. तिघांना. पाणी पिऊ नका.' चोवीस घरं. पोळ्याची सकाळ. चोवीस ओट्यांवर पुरण. सेक्रेटरी अभिजीतभाऊ गच्चीवर धावले आणि त्यांनी टाकीचं सगळं पाणी सोडून दिलं. दहा हजार लिटर! नळाला पाणी यायला संध्याकाळचे सहा वाजायचे होते.

इकडे डॉक्टर प्रणालींनी आम्हाला आत बोलावलं. मी श्रावणला टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. आजाराचं नाव, कारण, उपचार, सगळं. त्यांना सांगायला काही शिल्लकच ठेवलं नाही. त्यांनी श्रावणचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी. पापणी ओढली. डोळे पांढरेस्वच्छ.

इतक्यात दार ढकलून जितेंद्र आला. त्याच्यामागे मामाजी, खिशात हात घालून.

"डॉक्टर, बाबांना पण बघा!"

"इथं?" डॉक्टर म्हणाल्या.

"सगळ्यांना एकदमच बघा, इलाज एकच असेल ना!"

डॉक्टर प्रणालींनी श्रावणच्या खांद्यावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षांपासून प्रॅक्टिस करून राहिली. काविळीला तुपाचा वास कधी आला नाही."

टेबलावर श्रावणची शेपटी तेवढी टप्‌ टप्‌ वाजत होती.

"काका, हात बघू," डॉक्टर म्हणाल्या.

मामाजींनी खिशातून हात काढले. सावकाश, शाळेत छडी खाताना काढतात तसे. पिवळेधमक हात!

"खांद शेकली त्याची," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "काल. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेकतात ना."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकून त्यांना तूप-हळद चोळतात, आणि कानाशी वाकून म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. हे मला माहीत नव्हतं का? उमरेडची मी! पण धरमपेठेत तिसऱ्या माळ्यावर, गॅलरीत, कुत्र्याचे?

"तूप!" मी ओरडले. "मामाजी, तूप! मी काय म्हटलं होतं?"

"खाऊ नाही घातलं वं. चोळलं."

"काका," डॉक्टर गंभीर चेहरा करायचा फार प्रयत्न करत होत्या, "रात्री आठनंतर खाऊ घातलं काय याला काही? रक्त घ्यायचं आहे."

"नाही ना बाई! काल आवतण देलं, जेवण आजचं हाय. आवतणाच्याच दिवशी कोणी जेवू घालते काय?"

रक्त घेतलं. लस टोचली. श्रावणला कळलंही नाही, कारण तो मामाजींचा हात चाटत होता. मग काटा. मी श्वास रोखला. मामाजींनी डोळेच मिटले.

वीस किलो तीनशे!

"वा!" डॉक्टर म्हणाल्या. "हे कसं जमवलं?"

"पाकिटातलं खाणं!" मी मान ताठ करून सांगितलं. "रोज मोजून वाटीभर. वर्षभर."

मामाजींनी डोळे उघडले, तोंडही उघडलं, आणि परत मिटून घेतलं.

आम्ही घरी आलो तेव्हा खाली अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी होती. मी मान खाली घालून जिन्याकडे सटकत होते, तेवढ्यात अभिजीतभाऊंनी गाठलंच.

"काय वहिनी, उतरली काय कावीळ?"

"हळद होती," मी म्हटलं. आवाज मामाजींच्या त्या गेल्या वर्षीच्या 'बरं'पेक्षाही बारीक.

"हळद!" ते बादल्यांकडे वळून ओरडले. "ऐकलं काय हो? हळद होती! उद्या मारबतीचा पुतळा जाळायला निघते ना, तिच्यासंगं यांचा मोबाइल पाठवून द्या! इडा पीडा, रोगराई अन् कामिनीवहिनीचं डॉक्टरपण, घेऊन जा गे मारबत!"

चोवीस घरं हसली. तळमजल्यावरच्या जिजाबाई तर बादलीवरच बसल्या.

घरात कोरडा नळ आणि कचऱ्याच्या डब्यात किलोभर डाळीचं पुरण. माझा संताप असा चढला, की काट्यावर उभी राहिले असते तर तो चाळीस किलो जास्त भरला असता. मी फ्रिजपुढे गेले, लाल पेन काढलं आणि उद्याच्या तारखेवर लिहिलं: दुर्गेश, संध्याकाळी सहा.

"वजन उतरलं ना पण," जितेंद्र हळूच म्हणाला.

"माझ्या पाकिटानं उतरलं! आणि तुपाचा वास आला की नाही आला? अख्ख्या बिल्डिंगला आला! ठरलं ते ठरलं."

मामाजींनी फ्रिजवरची ती ओळ वाचली. गॅलरीत जाऊन श्रावणजवळ बसले. दुपार अशी सुनी झाली, की पलीकडच्या घरातल्या ताटाचा आवाजही मोठा वाटावा.

दोनच्या सुमारास जिजाबाई आल्या. पदराखाली ताटली.

"घे वं. मी काल रातीच पाणी भरून ठेवलं होतं. बाबारावजी म्हणे पाहुण्याले आवतण देऊन बसले, अन् तुमच्या घरी त पुरणच नाही. आवतण देऊन उपाशी ठेवतात काय कोणाले?" आणि जाता जाता, "हळदीची नाही हो, डाळीचीच हाय!"

ताटलीत एक पुरणपोळी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, द्यायचाच असेल तर एक घास, तुपाशिवाय. मी घास तोडला आणि गॅलरीत नेला. मामाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, श्रावणच्या पुढ्यात धरला, आणि श्रावण जेवेपर्यंत तसेच वाकून राहिले.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चांद्या मेला नव्हता वं."

मी खाली बसले.

"जमीन खाणीत गेली, तवा त्याले ठेवू कुठं? पारशिवनीच्या एका माणसाले देऊन टाकला. पोळा आठ दिवसावर होता. आठ दिवस थांबलो असतो त आवतण तरी देता आलं असतं. नाही थांबलो. दावं त्या माणसाच्या हाती देलं, अन् तो वळून वळून पाहे. घरी सांगितलं, मेला. मेला म्हटलं का कोणी काही विचारत नाही." ते श्रावणच्या पिवळ्या खांद्यावरून हात फिरवत राहिले. "तू म्हणली होती, यंदा काटा वर गेला त याचंही दावं दुसऱ्याच्या हाती जाईन. म्हटलं, जाचंच असन त आवतण घेऊन त जाऊ दे."

आत्याला सगळ्या दुखण्यांवर ओवी यायची. मला एकही आठवली नाही. मी उठले, फ्रिजपुढे गेले आणि लाल शाईतला दुर्गेश लाल शाईनंच खोडला. एकदा खोडून समाधान होईना, म्हणून परत खोडला. त्याच्याशेजारी लिहिलं: मामाजी, रोज, कायमचं. खाली दोन रेघा.

परत आले तेव्हा डोळे पुसलेले होते, पण आवाजाला थोडं वजन द्यायला हवं होतं. घरात शिस्त राहिली पाहिजे!

"मामाजी, फिरवणं तुमचंच. पण पाकिटातलं खाणं बंद होणार नाही हं! त्यानंच तर चार किलो उतरले."

मामाजी बराच वेळ श्रावणकडे बघत राहिले. श्रावणनंही त्यांच्याकडे पाहिलं. दोघांचं काहीतरी ठरल्यासारखं झालं.

"पोरी, आता बोलूनच राहिलो त अजून एक सांगतो," मामाजी म्हणाले. "ते पाकिटातलं यानं एकही दिवस तोंडात नाही घेतलं. माह्या भाकरीतली अर्धी खाये."

"काय? मग ती वाटी? रोज रिकामी व्हायची!"

"कोपऱ्यावरच्या देवळात जातो म्हणून सांगत होतो ना मी तुले? देवळात नाही. रोज फुटाळ्यापर्यंत पायी जाऊन येत होतो आमी दोघं, चालून चालून वजन उतरवाले. वाटी खिशात रिकामी करो, अन् तिथं तलावात टाकून देवो." ते थोडे थांबले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईनं म्हणाले, "पण वाया नाही गेलं वं तुहं खाणं! मासे लय तंदुरुस्त झाले!"